कडी आतूनच निघते

दूरवरचा कॉम्प्युटर घरबसल्या चालवायचा, ही कल्पना आजची नाही. इंटरनेटच्या जन्माच्या वेळीच ती होती. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी एका कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्याला साडेपाचशे किलोमीटरांवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं होतं. त्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायचा होता. पहिली दोन अक्षरं, एल आणि ओ, पोचली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. साधारण तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. त्या जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश असा अर्धवट ‘लो’ एवढाच होता. उर्दूत ‘लो’ म्हणजे घ्या. माझ्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते.

पण त्या रात्री दोन्ही यंत्रं एकाच जाळ्यावर होती. खरी अडचण पुढे आली. जाळी वाढली, प्रत्येकाचे नियम निराळे. एका जाळ्यातला माणूस दुसऱ्या जाळ्यातल्या यंत्राशी बोलणार कसा? व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली त्यावर तोडगा मांडला. तुमच्या घरात काय नियम पाळायचे ते पाळा. मात्र बाहेर पाठवायच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता एकाच पद्धतीने लिहा, म्हणजे मधली सगळी टपालघरं ते पुढे ढकलतील. १ जानेवारी १९८३ पासून त्या मूळ जाळ्याने ही पद्धत स्वीकारली. आजही आपण तीच वापरतो.

या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत असे पत्ते जास्तीत जास्त ४२९ कोटींच्या आसपास होऊ शकतात. त्या काळी एवढे पत्ते भरपूर वाटले. पुढे घराघरांत कॉम्प्युटर आले, खिशाखिशांत फोन आले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शिल्लक पत्ते वाटून संपले. फार मोठी संख्या देणारी नवी पद्धत आली आहे, पण जुनी अजून गेलेली नाही. मग एवढ्या घरांचं भागतं कसं? त्याचं उत्तर मुंबईच्या चाळीत सापडतं.

गिरगावातल्या कुठल्याही चाळीत खोली नंबर पाच असते. नुसतं ‘खोली नंबर पाच’ लिहून पत्र टाकलं, तर पोस्टमन ते कुठे देणार? आपल्या घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता असाच असतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो आणि तसाच पत्ता जगातल्या लाखो घरांत असतो. तो फक्त घरातल्या घरात चालतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो चाळीचा पत्ता, म्हणजे आपल्या राउटरचा.

हा राउटर चाळीच्या दारात बसलेल्या रखवालदारासारखा आहे. त्याच्याजवळ एक वही असते. खोली पाचमधून कुणी बाहेर पत्र पाठवलं, की तो नोंद करतो : अमक्याने तमक्याला लिहिलं. त्या तमक्याकडून उत्तर आलं, की वही बघून ते खोली पाचमध्ये पोचवतो. पण ज्याची वहीत नोंदच नाही असं पत्र बाहेरून आलं, तर ते कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आता पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे चाळीच्या दाराबाहेर वाडीचं फाटक, आणि तिथे वहीवाला दुसरा रखवालदार.

यातली महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या घरचा कॉम्प्युटर बाहेर बोलू शकतो. पण बाहेरचा कुणी एरवी आपणहून आत येऊ शकत नाही. कडी आतल्या बाजूला आहे.

आता माझ्याच घरातलं उदाहरण सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहतो आणि माझा भाचा कुवेतमध्ये नोकरी करतो. आमच्या घरी केबलवाल्याचं इंटरनेट, त्याच्याकडे तिथल्या कंपनीचं. माझ्या कवितांच्या फाइलमध्ये मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले, की मी त्याला फोन करतो. तो म्हणतो, “मामू, ते ॲप उघडा आणि नंबर सांगा.” मी पडद्यावरचा नऊ-दहा आकडी नंबर वाचून दाखवतो, विचारलं की परवानगीचं बटण दाबतो आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो.

मधल्या दोन-दोन रखवालदारांना ओलांडून तो येतो कसा? खरं म्हणजे तो येत नाही, माझा कॉम्प्युटर त्याला बोलावतो. ॲप उघडताच माझा कॉम्प्युटर बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरला पत्र पाठवतो : मी इथे आहे, माझा नंबर हा. रखवालदार वहीत नोंद करतो. भाचाही त्याच मध्यस्थाला लिहितो : मला या नंबरशी बोलायचं आहे. मध्यस्थ दोघांनाही एकमेकांचे बाहेरून दिसणारे पत्ते कळवतो. मग दोन्ही कॉम्प्युटर साधारण एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकतात. माझ्या रखवालदाराच्या वहीत ‘कुवेतला लिहिलं’ अशी नोंद होते, त्याच्याकडच्या वहीत ‘रत्नागिरीला लिहिलं’ अशी. दोघांनाही समोरून येणारं पत्र हे आपल्याच पत्राचं उत्तर वाटतं आणि ते आत सोडतात. काही रखवालदार मात्र जास्त काटेकोर असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. मग सगळं बोलणं त्या मध्यस्थामार्फतच होतं. काम होतं, थोडं हळू.

या वाटेवरून जातं काय? माझ्याकडून पडद्याचं चित्र जातं. दर वेळी संपूर्ण नव्हे, जेवढा भाग बदलला तेवढाच. त्याच्याकडून माउसची हालचाल आणि दाबलेल्या कळा येतात. डोळे आणि हात कुवेतमध्ये, कॉम्प्युटर कोकणात.

वाटेत कुणी ही पत्रं उघडून वाचली तर? पूर्वी ती उघडीच जात. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच नावाची पद्धत तयार केली. दूरच्या कॉम्प्युटरशी होणारं सगळं बोलणं त्यात कुलूपबंद असतं. कुलपाची युक्ती अशी समजा : मी माझं उघडं कुलूप तुमच्याकडे पाठवतो, किल्ली माझ्याजवळच. तुम्ही पेटीत चिठ्ठी घालून ते कुलूप दाबून लावता. मग पेटी कुणाच्याही हातून आली, तरी उघडू शकतो मी एकटाच. एसएसएचच्या आतलं गणित याहून निराळं आहे, पण गुपित किल्ली वाटेवर पाठवायचीच नाही, हे तत्त्व तेच. आजची चांगली ॲप्सही याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे दाराशी रखवालदार आहे आणि वाटेत कुलूप आहे. मग लोक फसतात कसे? चोराने हे सगळं आपल्याइतकंच, किंबहुना आपल्यापेक्षा नीट समजून घेतलेलं असतं म्हणून. कडी बाहेरून निघत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा तो कडी काढायला तुम्हालाच सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना असाच फोन आला. बोलणारा बँकेतून बोलत असल्याचं सांगत होता. गुरुजींना ‘सर’ म्हणत होता, अतिशय अदबीने. खातं बंद होणार आहे, हे ॲप मोबाइलवर घ्या आणि नंबर सांगा, एवढंच त्याचं मागणं. गुरुजी नंबर वाचणार, एवढ्यात सूनबाईंनी हातातून फोन काढून घेतला. नंबर सांगून परवानगीचं बटण दाबलं असतं, तर मोबाइलचा पडदा चोराला दिसू लागला असता आणि बँकेने पाठवलेला ओटीपी त्याने गुरुजींच्या बरोबरीने वाचला असता. अशाच प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. त्यात एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराचा उल्लेख होता. ॲपचा दोष नव्हता. माझा भाचा ज्या वाटेने मदतीला येतो, त्याच वाटेने चोर येतो. फरक इतकाच, की भाच्याला फोन मी करतो.

म्हणून काही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगाव्यात. मदतीसाठी फोन आपण करायचा, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या नंबरवर. आपणहून आलेल्या फोनवर ॲपचा नंबर कधीही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलो. दुसऱ्याच्या हाती पडदा असताना बँकेचं काम करायचं नाही. पडद्यासमोरून उठायचं नाही. काम झालं की ॲप बंद करायचं, आणि केव्हाही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड आत ठेवलेला नाही ना, हे ज्याने मदत केली त्यालाच विचारून घ्यायचं.

आणि चुकून कडी काढलीच गेली, तर लाजत बसू नये. आधी इंटरनेट बंद करावं, राउटरचं बटण किंवा मोबाइलचा डेटा, जे असेल ते. मग बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. जितकं लवकर कळवाल, तितके पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता अधिक.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)