मक्यातला ‘कचरा’ आणि संत्र्याचा लाल गर

मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८५ टक्के भाग ट्रान्स्पोझॉननी, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी व्यापलेला आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून ते हुडकले. नोबेल मिळायला मात्र १९८३ उजाडलं. मधल्या काळात ‘हा सगळा कचराच’ हा समज चांगलाच रुजला.

हे तुकडे सारखे उड्या मारत असतात, हाही असाच एक समज. खरं तर बहुतेक तुकडे जुने, मोडके असतात. धडधाकट असतात त्यांच्यावर मिथाइल गट चिकटवून वनस्पती त्यांना गप्प बसवते. गंमत अशी, की गप्प बसवण्यासाठीही आधी त्यांचं प्रतिलेखन करावं लागतं, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवावा लागतो. वनस्पतींकडे त्यासाठी पॉलिमरेज-४ हे खास विकर आहे. प्राण्यांत ते नाही. या आरएनएपासून २४ अक्षरांचे बारीक तुकडे बनतात आणि मिथाइल कुठे लावायचं ते दाखवतात.

तेव्हा ट्रान्स्पोझॉनचा आरएनए सापडला म्हणून त्याने उडी मारलीच, असं नव्हे. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसच्या रोपांना ३७ अंशांची धग दिली की ‘ऑनसेन’ नावाच्या तुकड्याचं प्रतिलेखन धडाक्यात सुरू होतं. तरीही सामान्य रोपांच्या पुढच्या पिढीत त्याच्या नव्या प्रती दिसल्या नाहीत. बारीक आरएनएची यंत्रणा बिघडलेल्या रोपांच्या संततीत मात्र त्या दिसल्या.

मग एका जागी बसून राहिलेला तुकडा बिनकामाचा? सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या आसपास पिकणारं ब्लड ऑरेंज कापून पाहावं: केशरी गरात गडद लाल छटा. हा रंग अँथोसायनिनचा, आणि ते बनवण्याचा हुकूम ‘रुबी’ जनुकाचा. साध्या संत्र्यातही रुबी असतंच, पण गरात ते निपचित पडून असतं. ब्लड ऑरेंजमध्ये त्याला खेटून रेट्रोट्रान्स्पोझॉन प्रकारचा एक ट्रान्स्पोझॉन येऊन बसला आहे. प्रतिलेखन सुरू करण्याची कळ त्याच्या टोकाशीच असते आणि ती थंडीत दाबली जाते. मग शेजारचं रुबीही कामाला लागतं. गारठा पडला नाही, तर गर फिकाच राहतो. कुणा शास्त्रज्ञाने जनुक घुसवलेलं नाही. हा सगळा निसर्गाचा उद्योग.

द्राक्षात नेमकं उलटं घडलं. थॉमसन सीडलेससारख्या हिरव्या जातींत ‘ग्रेट-१’ हा तुकडा रंगाच्या एका जनुकाच्या तोंडाशीच बसल्याने ते जनुक बंद पडलं. ‘इटालिया’ या हिरव्या जातीच्या वेलीवर पुढे एकदा लालसर द्राक्षं धरली. तीच ‘रुबी ओकुयामा’ जात. तिच्यात ग्रेट-१ चा बहुतेक भाग गळून गेला आहे, फक्त एक टोक मागे उरलं आहे.