घरचा संगणक, परगावी आपण

गुरुजी, समजा आपण जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेलात आणि निकालपत्रकं राहिली घरच्या संगणकात. ती मिळवायची कशी? घरच्या राउटरमध्ये फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो. आतून गेलेल्या निरोपाचं उत्तर तो आत सोडतो. न बोलावता आलेल्याला उंबऱ्यावरूनच परतवतो.

कोणी सांगतात, ३३८९ क्रमांकाचं दार उघडा, विंडोजचा पडदा दूरवर दिसेल. हे मात्र करू नका. अशी उघडी दारं हुडकत चोरांची यंत्रं अहोरात्र फिरत असतात. शिवाय जुन्या धर्तीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. म्हणून मोबाइल इंटरनेटवर पुष्कळदा अनेक ग्राहकांत एकच पत्ता. तिथं आपलं असं दारच नाही!

तेव्हा संगणकालाच बाहेर हाक मारू द्यावी. १९९५ साली फिनलंडात निघालेलं एसएसएच हे काम करतं. भाड्यानं घेतलेल्या दूरच्या सर्व्हरशी घरचा संगणक स्वतःच जोडणी करून ठेवतो, आणि त्याच वाटेनं आपण आत येता. बोलणं आतून सुरू झालेलं, म्हणून पहारेकरी अडवत नाही. पासवर्डाऐवजी किल्लीची फाइल वापरावी, आणि ती कोणाला देऊ नये.

ही जोडणी निघण्यापूर्वीच करून पाहावी बरं का. संगणक मध्येच झोपी जाणार नाही, तेही बघावं. वीज गेली तर मात्र इलाज नाही.