दुबळा प्रतिस्पर्धी आणि फुगलेली सरासरी

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये जो फुटबॉल खेळला जातो, त्यात चेंडू मुख्यतः हाताने फेकतात किंवा हातात घेऊन पळतात. चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. हंगाम जेमतेम ११-१२ सामन्यांचा. हंगामाच्या शेवटी एखाद्या क्वार्टरबॅकचे आकडे एकदम वर चढले की वाद सुरू होतो : हा खरोखर सुधारला, की समोरचे संघच दुबळे होते?

प्रथम हे आकडे कसे काढतात ते पाहू. मिळवलेल्या यार्डांना ८.४ ने, टचडाउनना ३३० ने आणि यशस्वी फेकींना १०० ने गुणून बेरीज करायची. प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेललेल्या प्रत्येक फेकीमागे २०० वजा करायचे आणि एकूण फेकींनी भागायचे. समजा ३० फेकींपैकी २० यशस्वी, २५० यार्ड, २ टचडाउन व १ फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती. तर गुणांक १५२ येतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. या सूत्रात समोर कोण होते याला कोठेच जागा नाही, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

आता एक खरे उदाहरण घेऊ. ह्यूस्टन विद्यापीठाच्या डेव्हिड क्लिंगलरने १९९० च्या हंगामात ११ सामन्यांत ५४ टचडाउन फेकी केल्या. नोव्हेंबरमध्ये टेक्सासने ह्यूस्टनला ४५–२४ असे हरवले. हंगामातला तो त्यांचा एकमेव पराभव. पुढच्याच आठवड्यात गाठ पडली ईस्टर्न वॉशिंग्टनशी. हा संघ एक पायरी खालच्या विभागातला. ह्यूस्टनने ८४–२१ असा विजय मिळवला आणि एकट्या क्लिंगलरने ११ टचडाउन फेकी केल्या. म्हणजे हंगामाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक एकाच सामन्यात! तो सामना वगळला तर सरासरी ४.९ वरून ४.३ वर येते.

मग सगळी फुगवणूकच का? तसे म्हणता येत नाही. ४.३ हीसुद्धा असामान्यच सरासरी आहे. शिवाय डिसेंबरच्या सुरुवातीला टोकियोत ॲरिझोना स्टेटविरुद्ध त्याने ७१६ यार्ड मिळवले. तो संघ त्या वर्षी फारसा बलाढ्य नव्हता, पण विभाग वरचाच होता. (त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी मात्र टाय डेटमरला मिळाली, मतदानात क्लिंगलर पाचवा आला.)

याला उलटी बाजूही आहे. सामना एकतर्फी झाला की प्रशिक्षक पुष्कळदा मुख्य क्वार्टरबॅकला बाहेर बसवतात. अशा वेळी प्रत्येक फेकीमागची सरासरी वाढते, पण एकूण बेरीज वाढेलच असे नाही. म्हणून ‘आकडे फुगले’ असे कोणी म्हटले की कोणते आकडे, हे आधी विचारावे.

दुरुस्तीची एक सोपी रीत आहे. समजा, एक दुबळा संघ प्रत्येक फेकीमागे सरासरी ९ यार्ड देतो आणि आपल्या खेळाडूने त्याच्याविरुद्ध ९.५ मिळवले. दुसरा, बळकट संघ फक्त ६ देतो. तेथे त्याने ७ मिळवले. आकडा ९.५ चा मोठा, पण अपेक्षेपेक्षा जास्तीची कमाई पहिल्या सामन्यात अर्धा यार्ड आणि दुसऱ्यात पूर्ण एक यार्ड. आमच्या मते खरी कामगिरी दुसरी. हंगामाच्या शेवटी ही जास्तीची कमाईही वाढत असेल, तर खेळाडू सुधारला असे मानायला आधार मिळतो. अर्थात तीन-चार सामन्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो, हे विसरून चालत नाही.

यात एक मेख आहे. तो दुबळा संघ ‘९ यार्ड देतो’ हे तरी कशावरून? त्याच्याशी कोण खेळले यावर तेही अवलंबून! त्यामुळे सर्व संघांची ताकद एकाच वेळी काढावी लागते. प्रत्येक सामना म्हणजे एक समीकरण आणि प्रत्येक संघाचे बळ म्हणजे अज्ञात राशी. संघ एकमेकांशी भरपूर खेळले असतील तर ही समीकरणे चांगली सुटतात. खालच्या विभागातले संघ मात्र बहुतेक सामने आपसातच खेळतात. दोन विभागांना जोडणारे सामने थोडे, त्यामुळे ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्धच्या त्या ११ टचडाउनना नेमकी किती कात्री लावावी हे ठरवणे सर्वांत अवघड.