गिरणीवाचून चालतं!

कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर रोज संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा पेन्शनरांचे एक छोटेसे वाचनालय आहे. त्याची वेबसाईट माझ्या भाच्याने करून दिली आणि तो नोकरीसाठी पुण्यास गेला. गेल्या दिवाळीत सुट्टीची तारीख बदलायची होती. एकच ओळ! बदलली, पण पानावर काही दिसेना. भाच्याला फोन केला.

"मामा, आधी बिल्ड करावं लागतं."

केले. संगणकाने पानभर तक्रार लिहून दिली. तीन वर्षांत अवजारे जुनी झाली होती म्हणे! लोक बंद दारावरून परत गेले आणि बोलणी मी खाल्ली.

फराळाला पुतणी आली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. माझी कर्मकथा ऐकून ती हसली.

"काका, बिल्ड म्हणजे गिरणी. आपण लिहिलेलं जावास्क्रिप्ट दळून, एकत्र बांधून ब्राउझरला द्यायचं. पूर्वी त्याला अख्खे दाणे चावतच नसत."

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली, तेव्हा एका फाईलने दुसरीकडून काही मागून घ्यावे, अशी सोयच तिच्यात नव्हती. ती सोय, म्हणजे मॉड्यूल, २०१५ मध्ये भाषेत आली आणि २०१८ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोचली. बाहेरून आणलेल्या कोडला सुटसुटीत नाव देणारे इम्पोर्ट मॅपही २०२३ पासून त्या सर्वांत चालतात.

"आता ब्राउझरला दात आलेत, काका!"

दुपारभरात तिने चारच फाईली लिहिल्या. एक एचटीएमएलची, एक सीएसएसची आणि दोन जावास्क्रिप्टच्या: एकीत पुस्तकांची यादी, दुसरीत ती शोधण्याची युक्ती. बदल करा, सर्व्हरवर चढवा, संपले!

एक ठेच मात्र मी खाल्लीच. फाईलवर नुसती टिचकी मारून पान उघडले, तर मॉड्यूल चालत नाही. सुरक्षिततेसाठी ब्राउझर ते अडवतो. घरीही छोटा सर्व्हर लावावा लागतो.

गिरणी वाईट, असे मी म्हणणार नाही. टाइपस्क्रिप्ट बहुधा दळूनच द्यावे लागते आणि शेकडो फाईलींचा पसारा एकत्र बांधला, तर पान लवकर उघडते. पण वाटीभर दाण्यांसाठी गिरणी कशाला?

यंदा तारीख मीच बदलली. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कुणाकडून करून घेतलंत?"

"माझ्याकडून!" मी म्हणालो.