ढगाळ दिवसाचं ऊन

शिर्डीच्या साईप्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली ७३ अंतर्वक्र तबकड्या बसवल्या गेल्या. प्रत्येकीचा आरसा १६ चौरस मीटरचा. सूर्य सरकेल तशा त्या वळतात, ऊन एका जागी गोळा करतात, तिथे पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा डाळ-भात शिजतो. आषाढात आभाळ भरून आलं, की मात्र सगळी भिस्त बॉयलरवर. त्याच दिवशी, त्याच आभाळाखाली पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची सौर पॅनेलं मात्र थोडीफार वीज देतच असतात.

ढग ऊन कमी करतात हे सर्वांना ठाऊक आहे. ते उन्हाची जातही बदलतात, याकडे आपलं लक्ष जात नाही. निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा पोचते. त्यातला बहुतेक प्रकाश सूर्याकडून थेट आलेला असतो, म्हणून सावली रेखीव पडते. ढगातले पाण्याचे थेंब मिलिमीटरच्या एक-दोन शतांश एवढे बारीक. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ते फारसा शोषत नाहीत, फक्त वळवतात. थेंबाथेंबावर वळत काही प्रकाश अवकाशात परत जातो, उरलेला साऱ्या आभाळातून झिरपत खाली येतो. सावली पुसट होते, मग नाहीशीच. असा चहूकडून येणारा प्रकाश आरशाला एका बिंदूवर आणता येत नाही. पॅनेलला तो कुठूनही आला तरी चालतो.

उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग थोडंच ऊन अडवतात, पण उंच चढलेला काळा पावसाळी ढग दहातले नऊ भागही अडवू शकतो. विखुरलेल्या पांढऱ्या ढगांची तऱ्हा आणखी वेगळी. सूर्य मोकळा असताना शेजारच्या ढगाच्या कडेवरूनही प्रकाश येतो आणि काही क्षण निरभ्र दिवसापेक्षा जास्त ऊन मिळतं. लगेच सावली येते, वीज धाडकन उतरते.

अकोले तालुक्यातलं घाटघर पावसाळाभर ढगात बुडालेलं असतं. पर्जन्यछायेतल्या पाथर्डीवरून बरेच ढग न बरसता पुढे जातात, पण पाऊस न देणारा ढगही ऊन अडवतोच. म्हणून वर्षाची सरासरी सांगून सौर यंत्रणा विकणं मला अपुरं वाटतं. गच्चीवर पॅनेल बसवणार असाल, तर जून ते सप्टेंबर दर महिन्याला किती युनिट मिळतील, हे आधी लेखी मागून घ्या.