गुरुजींची बुलेट थंडीतच का रुसते?

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींची १९८०च्या दशकातली ३५० सीसी बुलेट आम्ही एका हिवाळ्यात पाहिली. मे महिन्यात गाडी ठीक चाले. डिसेंबरच्या सकाळी मात्र चोक सोडला की बंद पडे, थ्रॉटल वाढवला की अडखळे आणि कमी केला की सायलेन्सरमधून फटाके वाजत. प्लग, पॉइंट, कॉइल सारे बदलून झाले होते; गुरुजी गाडी भंगारात द्यायच्या बेतात होते. प्लग काढला तर टोक राखेसारखे पांढरे. ठिणगी चांगली होती. इंजिन उपाशी होते!

या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी व पिस्टनची धाव ९० मिमी. (आकारमान विद्यार्थ्यांनीच काढावे, ३४६ घसेंमी यायला हवे.) पिस्टन खाली जाताना हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने धावते. तिथे दाब घटतो आणि जेटच्या भोकातून पेट्रोल वर खेचले जाते. बर्नुलीचा नियम एवढेच करतो. पेट्रोल कोणते, हे कार्ब्युरेटरला कळत नाही. नव्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजून संगणक इंधन कमीजास्त करतो. इथे ते काम स्क्रू-ड्रायव्हरचे.

आणि पेट्रोल तर बदलले आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. मिश्रणाला सुमारे १३.५ पुरते. जेट मात्र पूर्वीइतकेच इंधन सोडतो. म्हणजे जुन्या गाडीला सुमारे ८ टक्के इंधन कमी पडते.

मग मे महिन्यात गाडी का चालते? हवा तापली की विरळ होते. कार्ब्युरेटरमध्ये हवा-इंधन प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळानुसार बदलते. पहाटेचे १० अंश आणि उन्हाळी दुपारचे ४५ अंश, म्हणजे २८३ आणि ३१८ केल्विन. घनतांचे गुणोत्तर ०.८९, वर्गमूळ ०.९४. उन्हाळ्यात मिश्रणात इंधनाचा वाटा आपोआप ६ टक्के वाढतो आणि इथेनॉलची तूट बरीचशी झाकली जाते. थंडीत ते पांघरूण निघते. शिवाय इथेनॉलची बाष्पनाची उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे थंड इंजिनात इंधनाची वाफच नीट होत नाही.

आम्ही कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली (त्याने सुई वर येते) आणि एअर स्क्रू पाव फेरा आत घेतला. पूर्ण थ्रॉटलसाठी मुख्य जेट मोठा हवा. ८ टक्के जास्त इंधनासाठी भोकाचा व्यास ४ टक्केच वाढवावा लागतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढते. काही मिस्त्री जेटमध्ये तार फिरवतात. पितळेचे ते भोक किती वाढले हे मग कोणालाच सांगता येत नाही!

राजदूत, येझदीवाल्यांना धोका अधिक. या दुटप्पी इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. इंधन कमी पडले की तेलही कमी पोचते, उष्णता वाढते आणि लांब चढावर, पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन जाम होतो. मागचे चाक अचानक अडले तर स्वार पडतो.

इथेनॉल आहे की नाही, हे शाळेतही पाहता येईल. मात्र उघड्यावर, जवळपास ज्योत नसताना, आणि शिक्षकांच्याच हातून. मोजपात्रात १० मिली पाण्यावर ५० मिली पेट्रोल ओतून हलवावे. खालचा थर वाढून २० मिलीच्या जवळ येतो: इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेलेले असते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरले तर हेच घडते. तो थर तळाशी बसतो, पत्रा गंजवतो आणि किक मारल्यावर आधी तोच जेटकडे जातो.

गुरुजींची बुलेट दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या किकला सुरू झाली. आठवड्याने प्लग पाहिला. टोक बिस्किटाच्या रंगाचे होते. मे महिना आला की सुईची क्लिप पुन्हा एक खाच वर घ्यायची, हे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.