आगारात परतणारा संगणक

हातात मावणाऱ्या संगणकाचा इतिहास सहसा कॅलिफोर्नियात सुरू होतो आणि स्मार्टफोनपाशी संपतो. तोच गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलहून पाहिला तर वेगळा दिसतो. वाशिष्ठीच्या मुखावरच्या या गावाचं नाव 1990च्या दशकात गाजलं ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. त्याच दशकात पाश्चात्त्य बाजारात खिशातले संगणक आले, पण आपल्या खेड्यांत त्यांना विकत घेणारा खिसा नव्हता. असा संगणक इकडच्या माणसाला रोजच्या व्यवहारात दिसू लागला तो बऱ्याच उशिरा, एसटी कंडक्टरच्या हातात. माझ्या मते याला उपरोध म्हणून सोडून देऊ नये. पहिल्या छोट्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जे एक तत्त्व सापडलं होतं, ते आपल्याकडे खरं ठरलं ते याच यंत्रात.

ते तत्त्व समजायला दोन यंत्रं शेजारी ठेवावी लागतात. ॲपलचं न्यूटन 1993 मध्ये आलं. कोणाचंही हस्ताक्षर वाचण्याचं त्याचं वचन सुरुवातीला इतकं फसलं की ते चेष्टेचा विषय झालं आणि 1998 मध्ये ते बंद झालं. 1996 मध्ये आलेल्या पाम पायलटने उलट वाट धरली. यंत्राने माणसाचं अक्षर ओळखण्याऐवजी माणसानेच ग्राफिटी नावाची सोपी वळणं शिकावीत, अशी त्याची अट होती. 160 गुणिले 160 ठिपक्यांचा पडदा, सुरुवातीच्या मॉडेलात 128 किलोबाइट मेमरी, दोन बारक्या बॅटऱ्या आणि डिस्क नाहीच. प्रोग्रॅम आणि माहिती त्याच मेमरीत नांदायची, त्यामुळे प्रत्येक सोय घालताना दुसरी कोणती काढायची हे ठरवावं लागे. पण खरी अक्कल हॉटसिंकमध्ये होती. हे यंत्र स्वतःला पूर्ण संगणक समजतच नव्हतं. दिवसभर एकट्याने काम करायचं, घरी आल्यावर पाळण्यात बसून मोठ्या संगणकाशी हिशेब जुळवायचा, एवढंच त्याचं काम. हेच ते तत्त्व.

आपल्याकडचा मोठा प्रयत्न म्हणजे 2001 मध्ये बंगळुरूत जाहीर झालेला सिम्प्युटर. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले तंत्रज्ञ यांनी तो घडवला. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत बोलू शकणारा आणि स्मार्ट कार्डामुळे गावातल्या अनेकांना वाटून वापरता येईल असा. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायचा मानस होता. 2004 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला, पण खप बेताचाच राहिला. मोबाइलने त्याला गिळलं, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. सिम्प्युटर वाटून घ्यायचा खरा, पण तो सांभाळणार कोण, चार्ज कोण करणार, त्यातली माहिती कुठे जमा होणार, या प्रश्नांना गावात ठरलेलं उत्तर नव्हतं. अंजनवेलला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथल्या वीज प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा याच 2001 मध्ये बंद पडला, कारण त्याची वीज घेऊन बिल सोसणारं गणित बसलं नव्हतं. यंत्र चालतं, पण त्याची रोजची जबाबदारी कुणी उचलत नाही, हे दुखणं दोन्हीकडे सारखंच.

एसटीच्या तिकीट यंत्राला, म्हणजे ईटीआय मशीनला, ती जबाबदारी आयती मिळाली. ट्रेमधली कागदी तिकिटं, पंच आणि वे-बिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, ही शिस्त आधीपासून होती. सहा किलोमीटरचा टप्पा, टप्प्यावरचं भाडं, सवलती हे सारं कोष्टकात मांडता येण्याजोगं होतं. ते आगारात भरायचं, रस्त्यावर कुणाला न विचारता तिकीट फाडायचं आणि परतल्यावर हिशेब उतरवायचा. आगार हाच या यंत्राचा पाळणा. वे-बिल तर त्याच्याही आधीचं हॉटसिंक होतं, फक्त कागदावरचं. पुढे 2011च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतही प्रगणकांकडे कागदाऐवजी हातातलं यंत्र होतं, आणि तेही भारत इलेक्ट्रॉनिक्सचंच. ज्या कारखान्याचा सिम्प्युटर नागरिकाच्या हाती टिकला नाही, त्याचंच यंत्र नेमून दिलेल्या कामावर गावोगाव फिरलं.

यावर दोन आक्षेप निघतात. आता फोनमध्ये मेमरीला तोटा नाही, मग जुनी काटकसर कशाला? पण मेमरी वाढली म्हणून डोंगराआडची रेंज वाढत नाही. नव्या तिकीट यंत्रात यूपीआयने पैसे देता येतात, तरी घाटात नेटवर्क गेलं म्हणून तिकीटच अडलं तर तो प्रोग्रॅम फसला असंच म्हणावं लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ही यंत्रं महामंडळाच्या सोयीची, प्रवाशाला काय मिळालं? खरं आहे. सगळा हिशेब आगारात गेला आणि प्रवाशाच्या हाती उरला तो उन्हात पुसट होणारा थर्मल कागद. सिम्प्युटरवाल्यांनी सामान्य माणसाला मालक मानलं होतं, एसटीच्या यंत्राने त्याला नोंद मानलं. त्यामुळे तिकीट यंत्राचं यश मान्य करूनही सिम्प्युटरचा मूळ प्रश्न निकालात निघत नाही. कंडक्टरच्या यंत्राला आगार होतं. नागरिकाच्या यंत्रातली नोंद नागरिकाच्याच ताब्यात राहील असं आगार कोणतं, हे तेव्हाच्या प्रोग्रॅमरांनी ठरवलं नाही आणि आजच्यांनीही पुरतं ठरवलेलं नाही.